घमेल्यातलं लाल पाणी

८ जानेवारी

मतदानाची तारीख आली. दोन फेब्रुवारी, रविवार. तहसीलमधून फोन इंदुताईला आला, मला नाही. मागच्या खेपेला मी तिथल्या साहेबांना "तुमच्या घरी कोणी पीत नाही का हो?" असं विचारलं होतं, तेव्हापासून ते महिला मंडळाच्या अध्यक्षाऐवजी, म्हणजे माझ्याऐवजी, सचिवाशी बोलतात. बोलोत. तारीख आल्याशी मतलब.

फाट्यावरचं देशीचं दुकान राहू द्यायचं की बंद करायचं, हे आता गावातल्या आणि तांड्यावरच्या बायका ठरवणार. कागदावर दोन चित्रं असतात, उभी बाटली आणि आडवी बाटली. आपला शिक्का आडवीवर. पण यादीतल्या निम्म्याहून जास्त बायकांनी आडवीवर मारला तरच दुकान बंद होतं. जी घरी बसली तिला दारूवाल्याच्या बाजूची धरतात. यादीत मेलेल्या बायकाही आहेत, म्हणजे माझी सासूसुद्धा दारूवाल्याच्याच बाजूची. जन्मभर तिने पोराची बाजू घेतली, मेल्यावर तरी काय वेगळं करणार!

संध्याकाळी हे वावरातून आले. उंबऱ्यात थांबले, तोंड उघडलं, मी वास घेतला. काही नाही, तुरीच्या हिरव्या शेंगा खाल्ल्याचा तेवढा. मग हातपाय धुऊन आत आले. यवतमाळच्या व्यसनमुक्ती केंद्रातून आणल्यापासून हा नेम आहे, चार वर्षं झाली. आता मला म्हणावंही लागत नाही, आपणच तोंड उघडतात. इंदुताई म्हणते, असा नवरा मिळायला नशीब लागतं. नशीब नाही, मेहनत लागते.

ही वही पण केंद्रातल्या मॅडमनी यांनाच दिली होती, रोज मनातलं लिहा म्हणून. यांनी एक ओळ लिहिली नाही. वही वाया जाऊ नये म्हणून मी लिहिते.

११ जानेवारी

तांड्यावर सभा झाली. सुखीबाईने बायका चांगल्या जमवल्या होत्या. तिचा नवरा देवीलाल समोरच्याच बाजेवर पिऊन पडला होता, त्यामुळे वेगळं उदाहरण द्यायची गरज नव्हती.

मग हे बोलले. आता यांचं भाषण छान बसलं आहे. नालीत कसे पडायचे, पोरांनी कसं उचलून आणायचं, सगळं ओळीने सांगतात. आज मात्र आमच्या मुलीच्या, अपेक्षाच्या लग्नाचं गाळलं. मी मागून म्हटलं, "लग्नाचं सांगा." मग सांगितलं, की वणीहून वरात आली तेव्हा मुलीचा बाप मांडवामागे चिखलात पडला होता आणि कन्यादान मामाने केलं. तिथे बायकांच्या डोळ्यांत पाणी येतंच येतं. तेच गाळलं तर बाकीच्या भाषणात काय राहिलं?

निघताना सुखीबाई म्हणाली, "ताई, किती दिस सांगाले लावशीन त्याले थे?"

"दुकान बंद होईपर्यंत."

"आन् मंग?"

मग काय ते मग बघू. येताना हे माझ्यापुढे बरंच अंतर ठेवून चालत होते. माझे गुडघे दुखतात हे यांना माहीत आहे, तरी.

१३ जानेवारी

माझा ऋतिक आला! दोन वर्षांनी. नागपूरला विमान, मग महागावपर्यंत बस, मग कुणाच्या तरी मोटारसायकलवर मागे बसून. दाढी वाढवली आहे. वाळला आहे, पण अंगात ताकद दिसते. तिकडे इटलीच्या उत्तरेला डोंगरात द्राक्षाच्या बागा आहेत, तिथे एका म्हाताऱ्या शेतकऱ्याकडे हा कामाला आहे. म्हणतो, उतार इतका की छाटणी करताना कमरेला दोर बांधावा लागतो, आणि मे महिन्यातही समोरच्या शिखरावर बर्फ दिसतो.

गावात मी "द्राक्षाच्या बागेत" एवढंच सांगते. कुणी पुढे विचारलं तर मनुका म्हणते. खोटं नाही, द्राक्षाचे मनुके होतातच. वाईनचा कारखाना आहे हे मला ठाऊक आहे, पण नाशिकला पहिल्यांदा नोकरी लागली तेव्हाच मी त्याला सांगून ठेवलं होतं, की बाबा तू काय करायचं ते कर, माझ्या घरात त्याचं नाव नको.

संध्याकाळी हे आले. पोराला बघून चेहरा असा काही फुलला! पण नेम तो नेम. उंबऱ्यात तोंड उघडलं, मी वास घेतला. ऋतिक बघत होता.

"आई, हे अजून चालू हाय?"

"काहून बंद व्हावं?"

हे मान खाली घालून मोरीकडे गेले. आज पाय धुवायला फार वेळ लावला.

१५ जानेवारी

काल संक्रांत. माझ्या अंगणात तिळगुळाचं निमित्त करून बायका जमवल्या आणि वाण म्हणून आडव्या बाटलीचा छापील कागद दिला. म्हाताऱ्या त्याला "निजलेली बाटली" म्हणतात. एकीने विचारलं, निजलेलीले शिक्का मारला तं उठनार तं नाई ना? सगळ्या हसल्या. मी पण.

त्या गेल्यावर ऋतिकने बॅगेतून कपड्यांत गुंडाळलेली बाटली काढली. लांब मानेची. वर छापील कागद नाही, पेनाने काहीतरी लिहिलेलं.

"आई, हे माह्या हातची पयली हाय. म्हाताऱ्यानं बागेचा एक कोपरा मले देल्ला होता. द्राक्ष मीच तोडली, मीच बनवली. थंड मुलखाची हाय ना, म्हनून हलकी रायते. नशेसाठी नसते थे. एक घोट घे. नाई तं नुस्ता वास घे."

हे पलंगावर बसून तुरीच्या शेंगा सोलत होते, त्यांचे हात थांबले.

मी म्हटलं, "या घरात वीस वर्षं जी जी आली ती सगळी हलकीच होती. फेकून ये."

"फेकत नाई. पुन्याले जानाऱ्या दोस्ताजवळ देतो."

चेहरा पडला त्याचा. वाईट वाटलं, आई आहे मी. लहानपणी शाळेत काढलेलं चित्र दाखवायला आणायचा आणि मी चुलीशी असायची, तसं तोंड झालं. पण दोन फेब्रुवारीला गावात मतदान, आणि अध्यक्षाच्या घरात बाटली! त्याला कळायला नको? बॅगेत ठेवली त्याने, कुलूप लावलं. मी किल्ली मागणार होते. मागितली नाही, पोर मोठं झालं आहे म्हणून. हेच नडू नये म्हणजे झालं.

१९ जानेवारी

आज झालं ते लिहून ठेवते.

बचत गटाच्या डाळमिलचा पट्टा तुटला म्हणून दुपारीच घरी आले. दार लोटलेलं. आतून हसण्याचा आवाज, दोघांचा. यांचं हसणं मी ओळखलंच नाही आधी. वाटलं कोणी पाहुणा आला आहे. मग यांचा आवाज आला, "चारं नाई का रे जंगलातली, चारोळीची? थ्या चाराची बी फोडली का जसा वास येते, तसा. आन् मांगून ओल्या गोट्यावानी." आणि ऋतिक ओरडला, "बाबा! तथचा म्हातारा बी गोट्याचंच म्हनते! तुमी कुठी शिकले हे?" परत दोघं हसले.

मी दार ढकललं. सरबताचे माझे दोन चांगले काचेचे ग्लास. ओल्या फडक्यात गुंडाळलेली बाटली, उघडी. दोघांच्या मधोमध घमेलं आणि घमेल्यात लाल पाणी. म्हणजे ओकारी होईपर्यंत झाली होती! ग्लासात तळाशी थोडी होती. अंबाडीच्या सरबतासारखी लाल, पलीकडची बोटं दिसतील इतकी पातळ. मला दारू अशी दिसेल असं कधी वाटलं नव्हतं, आणि याचाच जास्त राग आला.

यांच्यासमोर जाऊन म्हटलं, "उघडा."

यांनी तोंड उघडलं. वास आला. चार वर्षांनी आला.

"विमल, म्या गियली नाई," हे म्हणाले. एवढंच. सगळे दारुडे हेच म्हणतात. याच घरात मी ते किती वेळा ऐकलं, भिंतींनाही पाठ असेल.

मग मी काय काय बोलले ते सगळं आठवत नाही. आठवतं तेवढंही लिहिण्यासारखं नाही. ऋतिकला म्हटलं, बापाला मारायला आलास का? यांना म्हटलं, माझी चार वर्षं परत द्या. ग्लास मी अंगणात फेकला, तो फुटला. शेजारच्या कुडावरून दोन डोकी वर आली तेव्हा दार लावून घेतलं.

हे हसत होते, हे मनातून जात नाही. शुद्धीवर असताना हे असे कधी हसत नाहीत.

२० जानेवारी

हे कालपासून जेवले नाहीत. नाही तर नाही.

ऋतिक मला समजवायला बसला. म्हणतो, "आई, आमच्या कामात पेत नाई, थुकते. तोंडात फिरवाची, चव ध्यानात घ्याची आन् थुकाची. दिवसभर चाखा लागते, पेत बसलं तं काम कोन करीन? घमेल्यात होती थे थुकलेली होती. आमा दोघायची."

मी म्हटलं, "या जिल्ह्यात माणसं तंबाखूचा खर्रा थुंकतात, बाबू. दारू थुंकलेला माणूस मी जन्मात पाहिला नाही. इथे सांडलेली बोटाने चाटतात."

"काल पायला असता. दाराशी जराशी थांबली असती तं."

"त्यांना दिलीसच का पण तू?"

"बाबानं मांगतली नाई. म्याच इचारलं, बाबा, तोंडात घेऊन थुकता येईन का तुमाले? बाबा म्हने, मले असं कोनी इचारलंच नाई कधी."

मी म्हटलं, केंद्रातल्या मॅडमनी काय सांगितलं होतं ते तुला माहीत आहे का? एक थेंबसुद्धा नाही. खोकल्याचं औषधही बाटलीवरचं वाचून द्यायचं. थुंकला काय, गिळला काय, जिभेला लागली ना? आज जिभेला, उद्या फाट्यावर. तो म्हणाला, "थे माह्यं चुकलं. थे मानतो म्या."

मग झालं तर. चुकलं म्हणतो आणि वर मलाच दाराशी थांबायला सांगतो.

संध्याकाळी यांनी उंबऱ्यात तोंड उघडलं. वास नव्हता. पण आता नुसत्या नसण्यावर विश्वास कसा ठेवायचा? मी दोनदा घेतला.

२२ जानेवारी

गावभर झालं. दुकानाचा माणूस पानठेल्यावर म्हणतो, अध्यक्षबाईच्या घरी इलायती चालते आन् गरिबायची देशी बंद करून राह्यली. तिचा बबनराव भाषण देते आन् घरी ग्लास भरते. पोरगं दारूच्या कारखान्यात हाय.

बाहेर गेलं कसं हे? मी कुणाला सांगितलं नाही. सुखीबाई त्या दिवशी संध्याकाळी चाळणी परत करायला आली होती, तिने अंगणातल्या काचा बघितल्या. मला तिचाच संशय आहे.

इंदुताई घाबरी झाली आहे. म्हणते, "ताई, बायका मांगं सरकून राह्यल्या. काईतरी करा लागीन, चारचौघात."

मी विचार केला. घाबरून लपवायचं आपल्याला जमत नाही. समाजमंदिरासमोर सगळ्यांना बोलवायचं. ऋतिकने आपल्या हाताने बाटली ओतायची. यांनी परत शपथ घ्यायची. दुसऱ्याच्या घरात घुसून मी बाटल्या फोडल्या आहेत, माझ्या घरची तरी कशी सोडायची? लोकांना कळू दे, विमल आपल्या पोराचीही ठेवत नाही.

ऋतिकला सांगितलं. तो इतकंच म्हणाला, "बाबाले राहू दे. म्या वततो. बाबाले उभं नको करू."

मी म्हटलं, तेच तर मुख्य आहे.

२४ जानेवारी

झालं.

माणसं, बायका, सगळे जमले. दुकानाचा माणूसही लांब लिंबाखाली खर्रा चोळत उभा होता. ऋतिकने बाटली आणली. अर्ध्याहून जास्त शिल्लक होती. आता लिहिताना वाटतं, दोन माणसं बसली होती तर इतकी कशी शिल्लक राहिली? नंतर ओतून घेणार असतील.

नालीच्या कडेला उभं राहून त्याने ओतली. मला वाटलं होतं भडाभड ओतेल. त्याने सावकाश ओतली, ग्लासात ओततात तशी. वास सुटला. मी या गावातलं सगळ्यात तिखट नाक, बायका नवऱ्याचे सदरे माझ्याकडे हुंगायला आणतात. मोहाची, देशी, त्यात काय मिसळलं आहे, सगळं सांगते मी. हा वास त्यातला कशातलाच नव्हता. चारंच होती. आणि त्याच्या मागे, नदीत आंघोळ करून गोट्यावर बसावं तसं काहीतरी. वाईट नव्हता. खरं लिहायचं ठरवलं आहे म्हणून लिहिते. कोणी तरी मागून म्हणालं, "अरे, नालीले चढीन!" लोक हसले.

मग यांना पुढे बोलावलं. हातात तुळस दिली. हे म्हणाले, "म्या पेलो नाई."

इंदुताई म्हणाली, "थे नाई भाऊजी, पुढचं. पिनार नाई म्हना."

हे परत म्हणाले, "म्या थुकली होती."

लोक फिदीफिदी हसायला लागले. लिंबाखालचा तर पोट धरून. माझे कान तापले. मी जवळ जाऊन हळूच म्हटलं, "पुढचं म्हणा. शोभा करू नका."

यांनी माझ्याकडे बघितलं. मग म्हणाले, "पिनार नाई." टाळ्या पडल्या. तुळस इंदुताईच्या हातात दिली आणि घरी निघून गेले.

सुखीबाई माझ्याजवळ आली. "ताई, त्यानं काय म्हनलं, आयकलं का?"

"ऐकलं की. पिणार नाही म्हणाले."

"नाई आयकलं तू." मग म्हणाली, "माह्या देवीलालनं एक दिस, एकच दिस थुकली असती ना, तं म्या अख्ख्या तांड्यात गूळ वाटला असता."

सुखीबाई भोळी आहे. म्हणूनच तिचा नवरा अजून बाजेवर आहे.

२६ जानेवारी

शाळेत झेंडा. मंडळाचा सत्कार झाला. तिथूनच ऋतिकला फाट्यावर सोडायला गेले. अजून पंधरा दिवस राहणार होता, पण निघाला. हे आले नाहीत, घरीच त्याच्या डोक्यावर हात ठेवला. ऋतिकला रडू आलं, यांना नाही.

बस येईपर्यंत तो म्हणाला, "आई, तुह्यं नाक तं माह्यापेक्षा बी चांगलं हाय. पन प्याला का थुकला, थे नाकाले नाई समजत. थे मानसाले इचारा लागते."

मी म्हटलं, विचारून वीस वर्षं फसले मी.

"हाव," तो म्हणाला, "थे बी खरं हाय." आणि पायाला हात लावून चढला. काचेतून हात करेल म्हणून उभी राहिले. त्याची जागा पलीकडच्या बाजूला असावी.

२८ जानेवारी

आज यांनी उंबऱ्यात तोंड उघडलं नाही. सरळ आत आले. मी म्हटलं, "अहो?"

"आता नाई," हे म्हणाले.

"म्हणजे?"

"म्हंजे आता नाई, विमल."

आवाज चढवला नाही, भांडले नाहीत. सतरंजी आणि घोंगडं गुंडाळलं, भात शिजवायच्या गंजात थोडं पीठ-मीठ घेतलं. म्हणाले, हरभऱ्यात रानडुकरं शिरून राह्यली, वावरात झोपतो. चार वर्षांत डुकरं काय आजच शिरली?

मला सगळं समजलं. वास लपवायला गेले. वावर फाट्याच्याच वाटेवर आहे.

३१ जानेवारी

घरोघर फिरून पाय सुजले. बायका विचारतात, बबनराव काऊन नाई आले? मी सांगते, हरभरा राखायला गेले.

वणीहून अपेक्षाचा फोन. मला वाटलं मतदानाचं विचारेल. म्हणाली, "आई, बाबाचा फोन आलता. बरे हायेत. माह्या लग्नाचं आता कोठं सांगत जाऊ नका म्हन त्यायले. मलेच लाज येते, त्यायले किती येत असीन." मी म्हटलं, तुझ्यासाठीच तर करते सगळं. ती म्हणाली, "मालूम हाय." आणि पोरगं रडतंय म्हणून ठेवला.

या घरातल्या सगळ्यांना माझ्याशी बोलताना काही ना काही काम आठवतं.

२ फेब्रुवारी

दुकान बंद!

निम्म्याहून वर गेलो. फार नाही, पण गेलो. सुखीबाईने अख्खा तांडा रांगेत उभा केला. म्हाताऱ्यांना बाजेवर घालून आणलं. गुलाल, डफडं, फटाके. इंदुताई रडली, मी पण रडले. पोरी मला खांद्यावर घ्यायला निघाल्या, म्हटलं गुडघे जातील माझे.

लिंबाखालच्या त्या दुकानाच्या माणसाने कुलूप लावलं तेव्हा मी तिथे उभी होते. वीस वर्षं मी ज्या दारातून यांना ओढून आणलं ते दार. मनात आलं, हे असायला हवे होते बघायला. इकडे तिकडे बघितलं. एवढ्या गर्दीत दिसले नाहीत. कुणी तरी सांगितलं, वावरात आहेत, दिवसभर तूर झोडत होते.

गुलालाने माखलेलीच घरी आले. उंबऱ्यात उभी राहिले, कुणी नव्हतं. भाकर करायचा कंटाळा आला, मुरमुरे खाल्ले.

४ फेब्रुवारी

सकाळी न सांगता वावरात गेले. हे विहिरीवर गेले होते, झोपडी रिकामी. सगळं बघितलं. घोंगड्याखाली, फवारणीच्या पंपात, तुरीच्या कुटाराच्या ढिगात, बांधावरच्या पळसाच्या बुडाशी. वीस वर्षांत लपवायच्या सगळ्या जागा मला पाठ आहेत. काही नाही. एक गंज, एक ताट, मिरचीचा ठेचा. सगळं घासलेलं, जागच्या जागी. माझ्या घरात यांनी पाण्याचा पेला कधी उचलून ठेवला नव्हता.

७ फेब्रुवारी

दुपारी गेले. काल संध्याकाळीही गेले होते, लांबून बघून आले. आज चुलीपाशी बसून हे कुणाशी तरी फोनवर बोलत होते, ऋतिकच असेल. हसत होते. तेच हसणं. तेव्हा मला वाटलं, आता सापडले. धावत जवळ गेले. मला बघून फोन ठेवला, हसू पण ठेवलं. दारूचं काही नव्हतं, मला लांबूनच कळलं.

गावातल्या बायका अजून घरी येतात, हार घेऊन. मी पण हसून घेते. दुसरं काय करू?

१० फेब्रुवारी

आज भाकरी बांधून नेल्या. म्हटलं, भांडायचं नाही. यांनी बाज झटकली, मला बसायला दिली. चहा केला. चांगला केला होता. "जेवतं का?" विचारलं. माझ्याच भाकरी, मलाच वाढल्या. दोघं जेवलो. हरभरा बरा आला आहे म्हणाले. मी म्हटलं, हो.

मग म्हटलं, "घरी चला. दुकान बंद झालं, आता वासबिस काही नाही. मी नाही विचारणार."

हे हसले. त्या दिवसासारखं नाही, साधंच. म्हणाले, "दुकान बंद झालं म्हनून न्याले आली का?"

मी भाकरीचं रिकामं फडकं झटकून घडी घातलं.

"बरा हाओ म्या अथी," हे म्हणाले. "येत जा तू." पाहुण्याला म्हणतात तसं म्हणाले.

निघताना बांधावर थांबून मी मागे बघितलं. आणि मनात काय आलं ते लिहिते, कारण दुसऱ्या कुणाला सांगता येणार नाही. मला वाटलं, हे प्यायलेले असते तर बरं झालं असतं. देवाशपथ तसंच वाटलं. आठवडाभर मी त्या झोपडीत बाटली शोधते, ती नसावी म्हणून नाही, सापडावी म्हणून शोधते. प्यायलेले असते तर काखेत हात घालून उचललं असतं, शिव्या दिल्या असत्या आणि अंधार पडायच्या आत घरी आणलं असतं. ते मला येतं, वीस वर्षं तेच केलं. पण हे शुद्धीवर आहेत. शुद्धीवरच्या माणसाला घरी कसं आणतात, ते मला येत नाही.